मोटरी जळायचे दिवस

परवा दुपारी आमच्या ऑफिसच्या इमारतीची पाण्याची मोटर जळाली. जिन्याखाली ती बसवलेली आहे. वास खिडकीतून वर आला आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. कुणी म्हणालं, प्लास्टिक जळतंय. कुणी म्हणालं, खाली कचरा पेटवलाय. मी उठून खिडकीपाशी गेले आणि छातीभर वास घेतला. जळलेल्या वार्निशचा वास. आधी गोडसर, गूळ करपावा तसा, आणि मग घसा खरवडणारा. "मोटर गेली," मी म्हणाले. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. तिला काय सांगणार? मी कोइमतुरात उभी होते आणि मला आळेफाटा दिसत होता.

म्हणजे चैत्र. लोक तो पालवीवरून ओळखत असतील, मी या वासावरून ओळखते.

आळेफाट्याच्या चौकातून आत वळलं की नानांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. फाल्गुन सरेपर्यंत दुकानापुढची जागा मोकळी असायची, तिथे कुत्री झोपायची. मग विहिरी तळाला जायच्या, वीज मरतमरत यायची, टोमॅटो ऐन भरात उभा असायचा, आणि मोटरी कोरड्याच फिरून जळू लागायच्या. कुणाची पिकअपमधून यायची, कुणाची मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये, आजारी लेकरू धरून आणावं तशी. बघता बघता दारापुढे रांग लागायची. मोटर खोलली की तिचं लोखंडी पोट बाहेर काढायचं. आत गोलाकार खाचा, खाचांमध्ये तांब्याची वेटोळी, आणि एका अंगाला सगळं काळंठिक्कर. ते जळलेलं तांबं ओढून काढायचं, नवं भरायचं, वर वार्निश ओतून उन्हात वाळवायचं. चैत्राचं ऊन त्या कामाला फार चांगलं. दुपारी दुकानापुढे ती लोखंडी पोटं ओळीने वाळत पडलेली असायची, आणि रस्त्याने जाणारी बाई पदर नाकाला लावून म्हणायची, "नाना, काय शिजवताय राव?"

"तुमच्या मालकाची मोटर!" नाना आतूनच ओरडायचे.

मोटर घेऊन येणारा माणूस तोंड पाडून यायचा. पीक उभं, पाणी बंद. नाना त्याला आधी स्टुलावर बसवत आणि मग चौकशी सुरू करत.

"विहिरीत पानी व्हतं का?"

"व्हतं की नाना."

"व्हतं, का सकाळी व्हतं?"

तो माणूस बरोबर आलेल्या बायकोकडे बघायचा. "हिला सांगून गेलतो, तासाभरानी बंद कर म्हनून. ही बसली शिरेल बघत."

"आन् तुमी पारावर पत्ते कुटत व्हते, ते सांगा की नानांला!"

"उद्याच्याला पायजे बरं का नाना. टोमॅटो माना टाकतोय."

"पावणं, मोटर हाय, भजी न्हाईत." असं म्हणत नाना तीच मोटर रांगेतून उचलून पुढे घेत. रांगेतल्या बाकीच्यांनाही ते दिसायचं. कुणी काही म्हणायचं नाही. ज्याचं पीक जास्त तहानलं त्याची मोटर आधी, हा त्या दिवसांचा न लिहिलेला कायदा होता.

नाना माझे कुणी लागत नाहीत. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण लोकांना खरं वाटत नाही.

पेठ गावाच्या वरच्या अंगाला आमची वस्ती. आजोबांच्या काळात मोठा कळप होता, आता थोडी मेंढरं आणि बाकी शेती. नववीच्या सहामाहीनंतर मी शाळेत गेले नाही. त्या साली आईचा गुडघा धरला होता, बाबा एकटे कळपामागे, आणि मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. शाळा सोड असं मला घरात कुणी म्हणालं नाही. मीच दप्तर खुंटीला अडकवलं आणि कोकरं घेऊन निघाले. वाटलं होतं, आठवडाभरानं जाऊ.

पुढे बऱ्याच वर्षांनी फाट्याजवळच्या आळे गावात आत्याकडे राहायला गेले. एका चैत्रात आत्याची मोटर जळाली. ती घेऊन मी फाट्यावर आले आणि मोटर होईपर्यंत दुकानात बसून राहिले. नानांनी थोडा वेळ बघितलं आणि माझ्यापुढे जाड पिवळसर कागदाचा गठ्ठा टाकला. "बसलीच हायेस तर हात चालव, पोरी." खाचेच्या मापाचा कागद कापायचा, कडा दुमडायच्या आणि प्रत्येक खाचेत बसवायचा. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये तो कागद. तेवढाच. बोटांना लागतो न लागतो इतका पातळ. तो फाटला किंवा सरकला की तांबं लोखंडाला टेकतं आणि मोटर संपते. मी दिवसभर कागद घातले. संध्याकाळी आत्याची मोटर तयार झाली. नाना म्हणाले, "उद्या ये." मोटर तर झाली होती. तरी मी दुसऱ्या दिवशी गेले.

दुकानात एक दिवा होता. साधा पिवळा बल्ब, दोन वायरी. नवं तांबं भरून झालं की एक वायर तांब्याला लावायची, दुसरी लोखंडाला. दिवा लागला तर कुठेतरी कागद हुकला, सगळं पुन्हा. दिवा लागला नाही तर काम पास. नाना वायर टेकवायचे तेव्हा दुकानातलं बोलणं आपोआप थांबायचं. मोटरीचा मालक, त्याची बायको, रांगेतले दोघंतिघं, सगळे त्या न लागणाऱ्या दिव्याकडे टक लावून. आणि मग कुणीतरी श्वास सोडायचं, "न्हाई लागला, राव!" अंधार राहिला म्हणून माणसं हसताना मी तिथेच पहिल्यांदा बघितली.

पावसाळ्यात मोटरी जळत नाहीत. दुकान थंड पडलं की नाना मला म्हणायचे, "हितं माश्या मारन्यापरीस वर जा." वर कॉम्प्युटरचा क्लास होता. क्लासच्या सरांशी नानांनी काय बोलून ठेवलं होतं, मला आजही माहीत नाही. तिथे मी कॉम्प्युटरवर मशीनचे भाग काढायला शिकले. नववी अर्ध्यात सोडलेल्या मुलीला तो पडदा फार मायाळू वाटला. चुकलं तर एक बटण दाबायचं, की चूक नाहीशी.

आणि मग एका चैत्रात मीनाक्षी अक्का आल्या. कोइमतूरच्या ज्या ऑफिसात मी आज बसते, तिथल्या त्या मोठ्या इंजिनियर. मोटरी नेमक्या कुठे आणि कशा जळतात ते बघत त्या गावोगाव फिरत होत्या. टोमॅटोचं रिकामं क्रेट उलटं घालून त्या दुकानात बसल्या आणि जळलेलं प्रत्येक वेटोळं हातात घेऊन बघू लागल्या. नाना म्हणाले, "म्याडम, आमच्याकडं मोटर जळत नाय. मानूस जाळतो." मी त्याचं हिंदी करून सांगितलं. अक्का खूप हसल्या. जाताना त्यांनी मी वर क्लासात काढलेली मशीनची चित्रं बघितली आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर आमच्याकडे ये. सहा महिने बघू. जमलं तर राहा."

मी नानांकडे बघितलं. ते तांबं गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "माझ्याकडं काय बघती? मी काय तुला बांधून ठेवलीय व्हय?"

इथल्या कामाला भलंमोठं नाव आहे. मी आईला एवढंच सांगते, की जाळी विणते.

"जाळी? तिकडं मेंढरं हायेत का गं?"

"मेंढरं नाय गं आई. मोटरीची जाळी."

"मोटरीला कशाला जाळी? उंदरं जात्यात?"

आईला फोनवर कसं सांगायचं? मोटर अजून बनलेलीच नसते. ती फक्त कॉम्प्युटरच्या आत असते: बाहेरची कंगोऱ्यांची खोळ, लोखंड, तांबं, कागद, दांडा, बेअरिंग, मागचा पंखा. ती चालवली तर कुठे किती तापेल, हे बनवायच्या आधी जाणून घ्यायचं. अख्ख्या मोटरीला विचारून उत्तर मिळत नाही. मग तिचे बारीक बारीक तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्याने फक्त आपल्या शेजाऱ्याला विचारायचं, तू किती तापलास? असं विचारत विचारत आतली उष्णता बाहेरपर्यंत येते. पण त्यासाठी एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्याला नेमका जुळला पाहिजे. खोळीचे तुकडे मोठे, लोखंडाचे मध्यम, तांब्याचे बारीक. तीन हातांनी विणलेल्या तीन जाळ्या एकमेकींना जोडायच्या. कोपरा चुकला की दोन भाग चिकटलेले दिसतात, पण उष्णता त्या फटीपाशी येऊन थांबते. दाराशी आलेल्या पाहुण्याला आतून कुणी ओ देऊ नये, तसं.

मला हे काम आवडतं. ओतीव खोळीवर उठवलेली अक्षरं पुसायची, नको त्या खाचा बुजवायच्या, सुईसारखे लांबुळके तुकडे वेचून काढायचे. लोकरीतून कुसळं काढत बसावं तसं. तासन्तास जातात, आणि सुरुवातीला तर भीती विसरायला व्हायची. भीती कसली, ते लपवण्यात अर्थ नाही. इथे सगळे शिकलेले. जेवताना कॉलेजच्या गोष्टी निघायच्या आणि मी डबा लवकर संपवायचे. मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पण विचारतील, आणि मग सहा महिने संपतील, आणि अक्कांना माझ्यामुळे खाली बघावं लागेल, असं मला सारखं वाटायचं. आईला ते आवाजावरून कळायचं. "नाय जमलं तर यी निघून. हितं काय कुनी दार लावून नाय घेतलं." तिच्या या वाक्याने धीर यायचा आणि त्याच वाक्याने रडूही यायचं.

सहावा महिना लागला आणि माझ्याकडे पहिली अख्खी मोटर आली. ही जमली तर राहायचं, इतकं मला कळत होतं. आठवडाभर मी एकेक भाग विणला आणि मग सगळे जोडायला घेतले. जिथे जाळी शेजारच्या जाळीला बांधलेली नसते, तिथे पडद्यावर लाल रेघ दिसते. माझ्या मोटरीत लालच लाल.

आमच्या मेंढरांभोवती दिवस मावळताना वाघर उभी करतात. वाघर म्हणजे सुतळीची उंच जाळी, चारी बाजूंनी काठ्यांना ताणलेली. मेंढरं आत गेली की आई त्या वाघरीभोवती फिरायची, बोटं जाळीवरून चालवत. मूठ जाईल एवढं भोक सापडलं की तिथेच उभ्या उभ्या गाठ मारायची. उसात बिबट्या असायचा. वाघर बघून झाल्याशिवाय आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मीही तिच्या मागून बोटं चालवत फिरायचे. उघडी जाळी बघितली की आजही माझ्या बोटांना चैन पडत नाही.

तर त्या लाल रेघा मला बघवेनात. कॉम्प्युटरला एक हुकूम देता येतो: इतक्या अंतराच्या आत जे कोपरे असतील, ते एक करून टाक. मी अंतर जरा सढळ दिलं. एका क्षणात सगळ्या लाल रेघा गेल्या. वाघर बंद झाली. मी खुर्चीत मागे टेकून बसले, आणि त्या दिवशी किती तरी दिवसांनी सगळ्यांबरोबर सावकाश जेवले.

मोटर चालवून बघितली. उत्तर आलं आणि टेबलाभोवती माणसं जमली. तांबं छान थंड होतं. खोळीपेक्षा किंचितच गरम. इतकी चांगली मोटर आपण आजवर काढली नव्हती, असं कुणीतरी म्हणालं. कुणीतरी चहा मागवला. मी मनात घरी, पेठेला, फोन लावत होते.

चहा संपल्यावर सगळे पांगले, तेव्हा अक्का खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि मोटरीचा एकेक भाग पडद्यावरून लपवू लागल्या. खोळ गेली. लोखंड गेलं. दांडा गेला. तांबं गेलं. "आता फक्त कागद ठेवते," त्या म्हणाल्या.

पडदा रिकामा होता.

भागांमध्ये कागदाचं नाव होतं, पण कागद नव्हता. त्याच्या दोन बाजूंमधलं अंतर माझ्या सढळ हुकमापेक्षा कमी होतं. लोखंडाकडची बाजू आणि तांब्याकडची बाजू, दोन्हीचे कोपरे मी एकच करून टाकले होते. कागद चेपून नाहीसा झाला होता, आणि तांब्याची उष्णता सरळ लोखंडात ओतली जात होती. म्हणून तांबं थंड.

अक्का म्हणाल्या, "तुझ्या नानांनी मला एक दिवा दाखवला होता. इथे लावला असता तर?"

"लागला असता," मी म्हणाले.

त्यांनी बाकीचे भाग पुन्हा पडद्यावर आणले. "एवढ्या फटी, आणि एकही राहिली नाही. इतकं घट्ट बंद करायला तुला कुणी शिकवलं?"

आणि सहा महिन्यांत घरचं एक अक्षर कुणाला न सांगितलेली मी त्यांना वाघरीबद्दल सांगत सुटले. आईची बोटं, मूठ जाईल एवढं भोक, उसातला बिबट्या. मोडक्या हिंदीत. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिथे आत कुणी येऊ नये म्हणून जाळी असते. इथे दोघांच्या मधलं अंतर टिकावं म्हणूनही असते. गुरुवारपर्यंत वेळ आहे. पुन्हा विण." उठताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, क्षणभरच.

मी सगळं पुसलं. या खेपेला सुरुवात लोखंडापासून केली नाही. दुकानात नाना तांब्याला हात लावायच्या आधी कागद कापायचे. "आदी कागद, मग तांबं," हे मी शेकडो वेळा ऐकलेलं. तसाच आधी कागद विणला. त्याच्या जाडीतही तुकडे बसतील इतका बारीक, खाचेच्या कडेला दुमडलेला. मग त्याच्या कोपऱ्यांना जुळवून एका अंगाने लोखंड, दुसऱ्या अंगाने तांबं. लाल रेघा या वेळी हाताने, एकेक करून मिटवल्या. काही मुद्दाम राहू दिल्या. मधला फिरणारा भाग आणि बाहेरचं लोखंड यांच्यामध्ये हवेची फट लागते, ती उघडीच ठेवायची होती. तिथे बोटं शिवशिवली. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि माझं मलाच हसू आलं.

माणसांचंही असंच असेल का, असं मला त्या दिवसांत वाटत राहिलं. आळेफाटा ते कोइमतूर हे अंतर मी रोज शिवून टाकायला बघत होते; सकाळी फोन, दुपारी फोन, संध्याकाळी फोन. इथे असून इथे नसायचे. घरच्यांची ऊब माझ्यापर्यंत यावी, पण मी त्यांच्यातच विरघळून जाऊ नये, एवढा पातळ कागद मध्ये असायला हरकत नाही. आईचं "यी निघून" ऐकून आता रडू येत नाही. ते ऐकता येतं आणि काम करता येतं.

गुरुवारी मोटर पुन्हा चालवली. निळं, हिरवं, पिवळं, आणि वेटोळ्यांचा जो भाग खाचेच्या बाहेर येऊन वळतो, तिथे लालभडक. तिथेच. उन्हात, दुकानापुढे, पाना-पकडीने खोललेल्या कितीतरी मोटरींत मी जिथे काळंठिक्कर बघितलं, त्याच जागी. या वेळी टेबलाभोवती कुणी जमलं नाही. तापलेल्या मोटरीचं कौतुक कोण करणार? मोटरीचा आराखडा काढणाऱ्या मुलांनी उसासा टाकला. त्यांना आता खोळ बदलायची होती, मागचा पंखाही. अक्का येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत. त्यांनीही ते क्रेटवर बसून बघितलेलंच होतं.

"पुढची मोटर सोमवारी येतेय," त्या म्हणाल्या. "गावचं तिकीट काढलं असशील तर रद्द कर."

तिकीट मी काढलं नव्हतं. पण मनात पिशवी भरून ठेवलेली होती, ती तशीच रिकामी केली. या चैत्रात जाणं नाही. दुकानापुढची रांग नाही, टोमॅटोचे क्रेट नाहीत. मला इतकं बरं वाटलं, आणि इतकं वाईट.

ते रंगीत चित्र मी नानांना पाठवलं आणि फोन लावला. मागे हातोडीचा आवाज, माणसांचा गलका, कुणाची तरी पिकअप मागे घेताना वाजत होती. हंगाम ऐन भरात होता.

"नाना, चित्र बघितलं का?"

"बघितलं. लई तापलीय." आवाजात काळजी. "कुनाची हाय गं?"

"कुणाची म्हणजे?"

"मालक कोन? त्याला सांग, चालवू नको म्हनाव अशी. डोक्याला तापलीय. पानी बघ म्हनाव आदी."

मी हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. "नाना, कुणाची नाय ती. अजून बनलीच नाय."

नाना म्हणाले, "म्हंजी कुनाची जळाली नाय?"

"नाय."

"कुनाचं पीक नाय गेलं?"

"नाय नाना."

"मग झालं तर," ते म्हणाले. "लई झालं." आणि लगेच, "थांब, फोन ठिवू नको, एक मोटर बघायचीय."

फोन त्यांनी कुठेतरी टेकवला असावा. हातोडी थांबली. गलका थांबला. पिकअपवालाही गप्प. मी कोइमतुरात खिडकीशी उभी, फोन कानाला घट्ट लावून, आणि तिकडे दुकानभर ती ओळखीची शांतता. वायर टेकली असणार. सगळे बघत असणार. मला दिवा दिसत नव्हता.

आणि मग एक बाई हसली.